चार्ली वॉट्सचं ‘साधं’ वाजवणं: काय ऐकावं, हातात कसं आणावं

प्रश्न असा आहे: रोलिंग स्टोन्सचा ड्रमर चार्ली वॉट्स 24 ऑगस्ट 2021 रोजी लंडनमध्ये वयाच्या 80व्या वर्षी गेला. तेव्हापासून जो तो म्हणतो की तो साधं वाजवणारा थोर ड्रमर होता. पण त्याची गाणी लावली की सहा महिने क्लास केलेल्या कुणालाही जमेल असं काहीतरी ऐकू येतं. मग थोरपण नेमकं कुठे आहे, ते ऐकायचं कसं आणि वाजवायला शिकायचं कसं?

सुरुवात उजव्या हातापासून करू, कारण तिथे डोळ्यांनाही दिसेल असा पुरावा आहे.

चार मात्रांच्या नेहमीच्या रॉक ठेक्यात उजवा हात हाय-हॅटवर (पायाने उघडमीट होणाऱ्या झांजांच्या जोडीवर) आठ फटके देतो: एक-आणि-दोन-आणि-तीन-आणि-चार-आणि. डावा हात दोन आणि चारवर स्नेअर (तळाला तारा असलेला ड्रम) वाजवतो, तो बॅकबीट. बहुतेक ड्रमरांचे दोन्ही हात दोनवर आणि चारवर एकदम खाली येतात. चार्लीचे येत नसत. स्नेअर पडते त्या क्षणी त्याची उजवी स्टिक हाय-हॅटपासून वर उचललेली असायची. आठाऐवजी सहा फटके. त्याच्या कुठल्याही उत्तरकालीन मैफलीची चित्रफीत आवाज बंद करून बघा, दर दुसऱ्या मात्रेला मनगट मागे झटकलेलं दिसेल. साठच्या दशकातल्या वादनात ही लकब इतकी ठळक नाही, ती पुढे मुरत गेली.

एवढ्याशा गोष्टीने तीन परिणाम होतात. पहिला आवाजाचा. हाय-हॅटचा ‘टिस्’ आणि स्नेअरचा ‘टाक’ एकाच क्षणी आले की स्नेअरची वरची धार झाकली जाते. हाय-हॅट गप्प राहिली की स्नेअर एकटी, स्वच्छ ऐकू येते. रेकॉर्डिंगमध्ये फायदा आणखी मोठा, कारण स्नेअरच्या माइकमध्ये शिरणारी हाय-हॅट नेमकी नको त्या क्षणी बंद असते. दुसरा परिणाम जागेचा. उजवा हात डाव्यावरून ओलांडून हाय-हॅटकडे गेलेला असतो, तो उचलला की डाव्या स्टिकला वरून खाली यायला मोकळी वाट मिळते. चार्ली डाव्या हाताने ट्रॅडिशनल ग्रिप, म्हणजे तळवा वर ठेवून स्टिक धरायची जुनी पकड, धरायचा, त्यात ही वाट अधिकच लागते. तिसरा परिणाम लयीचा, आणि माझ्या मते खरी गंमत तिथे आहे. उचललेला हात पुढच्या ‘आणि’वर परत यायचा असतो. त्या जा-ये करण्यात ठेक्याला एक श्वास मिळतो. आठही फटके वाजवणाऱ्या हाताची शिलाई मशीन होण्याचा धोका असतो, सहा वाजवणाऱ्याची होत नाही.

हे शिकायचं असेल तर मेट्रोनोम 60 ते 65 बीपीएमवर (मिनिटाला तेवढ्या मात्रा) लावा आणि आधी पाय पूर्ण बाजूला ठेवा. नुसते दोन हात. तोंडाने ‘एक-आणि-दोन-आणि’ मोजत राहा. ‘दोन’ म्हणताना उजवी स्टिक हाय-हॅटपासून जेमतेम तीन-चार इंच वर असली पाहिजे. लगेचच्या ‘आणि’ला ती परत खाली आली पाहिजे. पाच मिनिटं न चुकता झालं की किक, म्हणजे पायाने वाजणारा बास ड्रम, एक आणि तीनवर घाला. मग दर दोन-तीन दिवसांनी पाच-पाच बीपीएम वाढवत 110 पर्यंत या. त्याच्या पुढे घाई नको.

इथे चार ठिकाणी गडबड होते. सगळ्यात जास्त होणारी म्हणजे उजवा हात दोनवर थांबला की पाठोपाठचा ‘आणि’ही गिळतो, आणि ठेका लंगडा होतो. उपाय म्हणजे त्या ‘आणि’ला काही दिवस मुद्दाम थोडा जोर द्यायचा. दुसरी चूक नाटकीपणाची: चित्रफितीत झटका दिसतो म्हणून लोक हात खांद्यापर्यंत उडवतात, तो वेळेत परतत नाही आणि लय मागे पडते. तिसरी, स्नेअरच्या आधीचा हाय-हॅटचा फटका नकळत जोरात पडतो, कारण तिथून उसळी घ्यायची असते. उसळी मनगटातून घ्या, फटक्यातून नको. चौथी चूक पायाची आहे आणि लक्षात येत नाही. उजवा हात उचलला की डावी टाच सैल पडते, हाय-हॅट किंचित उघडते, आणि पुढचा फटका ‘टिक्’ऐवजी ‘त्श्’ येतो. फोनवर रेकॉर्ड करून ऐकलं की लगेच सापडतं.

आता दुसऱ्या गोष्टीकडे, म्हणजे तो फटका कधी पडतो याकडे.

बहुतेक रॉक बँड ड्रमरच्या मागे चालतात. ड्रमर लय देतो, बास त्याला चिकटते, गिटार वर बसते. स्टोन्समध्ये उलटं होतं. गाण्याची लय कीथ रिचर्ड्सची ऱ्हिदम गिटार ठरवायची, चार्ली कीथच्या मागे जायचा. बँडचा जुना बासवादक बिल वायमनने हे स्वतः समजावून सांगितलेलं आहे: ड्रम गिटारपेक्षा केसभर मागे आणि बास केसभर पुढे, त्यामुळे सगळं कोसळेल की काय असं वाटत राहतं आणि कोसळत मात्र नाही. हा फरक सेकंदाच्या अगदी बारीक अंशाचा असतो. पण तो काढून टाकला, सगळे फटके संगणकावर रेषेत लावले, तर तीच गाणी मिळमिळीत लागतील.

‘हॉंकी टॉन्क विमेन’ हे 1969चं गाणं यासाठी उत्तम. सुरुवातीची काऊबेल (काठीने वाजवायची धातूची घंटा) निर्माता जिमी मिलरने वाजवलेली आहे. तिच्यावर चार्ली येतो आणि पहिल्या क्षणी दोघं एकमेकांशी नीट जुळत नाहीत असं वाटतं. मग गिटार येते आणि गाडी रुळावर बसते. गाण्याची पहिली वीस सेकंदं आणि शेवटची वीस सेकंदं पाठोपाठ लावून ऐका. शेवटाकडे गाणं उघड उघड जलद झालेलं आहे. आजच्या स्टुडिओत हा टेक, म्हणजे एका दमात वाजवलेलं हे रेकॉर्डिंग, बाद झाला असता. तो बाद का करू नये, हे समजण्यासाठी एवढंच बघा की वेग कुणा एकाने वाढवलेला नाही, सगळे मिळून वर सरकले आहेत.

आपल्या बँडमध्ये हे करून बघायचं असेल तर बसायच्या जागेपासून सुरुवात करा. ड्रमरला ऱ्हिदम गिटारिस्टचा उजवा हात दिसला पाहिजे, चेहरा दिसला नाही तरी चालेल. त्याचा अ‍ॅम्प ड्रमरच्या हाय-हॅटच्या बाजूला, कानाच्या उंचीवर ठेवा. ड्रमरच्या मॉनिटरमध्ये गिटार आणि गाणं वर, बास जेमतेम. काउंट-इन, म्हणजे सुरुवातीला ‘एक-दोन-तीन-चार’ मोजणं, देऊ नका. गिटारिस्ट एकटा चार आवर्तनं रिफ (पुन्हा पुन्हा येणारा छोटा स्वरतुकडा) वाजवेल, पाचव्याच्या पहिल्या मात्रेला ड्रम येतील. ड्रमरने फक्त किक गिटारबरोबर ठेवायची आणि स्नेअर हात सैल सोडून, जशी पडेल तशी पडू द्यायची. ‘मागे वाजवतो’ म्हणून मुद्दाम उशिरा मारायला गेलात की खेळ संपला. ते आळसटलेलं ऐकू येतं.

यात हमखास बिघडतं ते असं. ड्रमर गिटारची वाट बघतो, गिटारिस्ट सवयीने ड्रमची वाट बघतो आणि लय हळूहळू मंदावत जाते. हे झालं की दोष गिटारिस्टचा समजावा, कारण या पद्धतीत पुढाकार त्याचा. त्याने ड्रमकडे कान न देता पायाने ताल धरला पाहिजे. दुसरं, बासवादक किकला चिकटून राहिला की तो दोघांच्या मध्ये अडकतो. त्याला गिटारबरोबर, किंचित उतावळेपणाने वाजवायला सांगा. ज्याच्या हाताला मुळात स्थिर लय नाही अशा गिटारिस्टबरोबर मात्र हा प्रयोग करू नये. चार्लीला कीथ मिळाला होता.

वेग वाढला तर किती चालतो? संपूर्ण गाणं फोनवर रेकॉर्ड करा. सुरुवात, मध्य आणि शेवट अशा तीन ठिकाणी बीपीएम मोजा. शेवट सुरुवातीपेक्षा तीन-चार बीपीएमने पुढे आणि वाढ सलग असेल तर काही करू नका. वाढ पायऱ्यापायऱ्यांनी, दर फिलनंतर (ठेका सोडून मध्ये भरलेल्या छोट्या तुकड्यानंतर) होत असेल तर तो आजार आहे. फिल वाजवताना हात उत्साहात येतात, दोन फटक्यांमधली जागा आखडते, आणि सम वेळेआधी येते. त्यावर औषध जुनंच: तीन आवर्तनं ठेका, एक आवर्तन फिल, तोंडाने मात्रा मोठ्याने मोजत, 70 बीपीएमवर, पंधरा मिनिटं.

फिलबद्दल बोलतोच आहोत तर चार्लीचे फिल बघा. बहुतेक वेळा स्नेअरवर चार फटके, कधी दोन, कधी नुसता एक फ्लॅम, म्हणजे दोन हातांचे जवळजवळ एकदम पडणारे फटके. गायक ओळ संपवून श्वास घेतो तेवढ्या जागेत मावतील एवढेच. टॉमवरून गरगर फिरून येणारे लांब रोल त्याच्याकडे शोधूनही फारसे सापडत नाहीत. अपवाद आहे तोही शिकण्यासारखा. 1965च्या ‘गेट ऑफ ऑफ माय क्लाउड’मध्ये गाणं ड्रमनेच उघडतं आणि तोच छोटा रोल कडव्यात पुन्हा पुन्हा येत राहतो. दुसऱ्या कुणी दर वेळी तो बदलला असता, सजवला असता. चार्ली तसाच ठेवतो, आणि थोड्या वेळाने तो रोल गाण्याची दुसरी रिफ होऊन बसतो. त्याच वर्षीच्या ‘सॅटिस्फॅक्शन’मध्ये तर त्याने बॅकबीटच सोडून दिला आहे. स्नेअर चारही मात्रांवर सरळ पडते. गिटारची रिफ स्वतःच मात्रांच्या मध्ये मध्ये अडकणारी आहे, तिला खाली सपाट जमीन पाहिजे होती. 1978च्या ‘मिस यू’मध्ये हेच काम किकने केलंय, चारही मात्रांवर. म्हणजे ‘चार्ली नेहमी एकच ठेका वाजवायचा’ हे म्हणणं खोटं आहे. गाण्याला कशाची गरज आहे ते तो आधी ठरवायचा आणि ठरलं की तीन-चार मिनिटं त्याला हात लावायचा नाही.

‘स्टार्ट मी अप’ ऐकताना एक कोडं सोडवा. गिटार एकटी सुरू होते आणि आपला कान सम भलत्याच जागी धरतो. ड्रम येतात तेव्हा क्षणभर वाटतं चार्ली चुकला. चुकलेला आपला कान असतो. गिटार सुरू होताच पायाने ताल धरा, ड्रम आले की पाय कुठे पडतोय ते बघा, मग ड्रमवरून मागे मोजत या. दहा-बारा वेळा ऐकून पहिली मात्रा बरोबर सापडली की हे गाणं वाजवायला घ्या, त्याआधी नको. या गाण्याचा आणखी एक तपशील असा की मूळ टेक 1978 साली पॅरिसमधल्या सत्रांत झाला. तेव्हा ते रेगे म्हणून पुन्हा पुन्हा वाजवलं जात होतं, मधेच रॉक ठेक्यावर वाजवलेला टेक पडून राहिला आणि 1981 साली तो बाहेर काढला गेला. ड्रमचा तो दणदणीत आवाज न्यूयॉर्कच्या पॉवर स्टेशन स्टुडिओतल्या बाथरूममध्ये स्पीकर लावून, तिथली गुंज परत रेकॉर्ड करून आलेला आहे. त्यामुळे तसा आवाज यावा म्हणून स्नेअर जोरात बडवू नका.

जोराचा मुद्दा नवशिक्यांना सगळ्यात उशिरा पटतो. एवढ्या मोठ्या स्टेडियममध्ये वाजवणारा माणूस दणकून वाजवत असेल असा समज असतो. चार्लीचा उजवा हात हलका होता. स्नेअर ठणठणीत, हाय-हॅट तिच्या कितीतरी खाली. हे प्रमाण साधायला स्टिकच्या उंचीचं माप ठरवून घ्या: हाय-हॅटवर दोन-तीन इंच, स्नेअरवर दहा-बारा इंच. आरशासमोर बसा. हौशी बँडमध्ये याच्या उलट होतं. हाय-हॅट अर्धी उघडी टाकून स्टिकच्या खांद्याने झोडपली जाते, तिचा सरसराट गायकाच्या माइकमध्ये शिरतो, मग साऊंडवाला गाण्याचा आवाज चढवतो, गिटारिस्ट अ‍ॅम्प चढवतो, आणि शेवटी ड्रमरच म्हणतो की मला काही ऐकू येत नाही.

स्नेअरच्या फटक्याला ती चटक रिमशॉटने, म्हणजे कातडं आणि काठ (रिम) एकदम वाजवून, येते. ट्रॅडिशनल ग्रिपमध्ये डावी स्टिक अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात बसते आणि अनामिकेवर टेकते, तळवा वरच्या बाजूला वळलेला. वळण दाराची मूठ फिरवल्यासारखं, कोपरातून. रिमशॉटसाठी स्टिकचं टोक स्नेअरच्या मधोमध आणि दांडा त्याच क्षणी रिमवर पडला पाहिजे. टोक आधी लागलं तर नुसता ‘ठप्’, रिम आधी लागली तर ‘खट्’. स्नेअर अगदी सपाट ठेवलीत तर या ग्रिपमध्ये रिम सारखी हुकते, म्हणून ड्रम उजवीकडे किंचित उतरता करा, पण इतका नाही की डावीकडची रिम वर येऊन बोटांची पेरं ठेचेल. हुकतच राहिलं तर स्टँड अर्धा इंच वर-खाली करून बघा. उंची चुकलेली असण्याची शक्यता हात चुकला असण्यापेक्षा जास्त असते. अंगठ्याच्या बुडाशी दुखायला लागलं तर पकड घट्ट झालेली आहे, थांबा. आणि खरं सांगायचं तर चार्लीसारखं वाजवायला ट्रॅडिशनल ग्रिप लागतेच असं नाही. मॅच्ड ग्रिप (दोन्ही हातांची सारखीच पकड) अंगवळणी पडली असेल तर ती बदलण्यात वर्ष घालवू नका. हाय-हॅट उचलणं आणि आवाजांचं प्रमाण यांतून तीन चतुर्थांश काम होतं.

त्याचा ड्रमसेटही या सगळ्याशी जुळणारा होता. साठच्या दशकात तो लुडविग कंपनीचा सेट वाजवायचा. नंतर कित्येक दशकं मंचावर दिसला तो ग्रेच कंपनीचा 1957चा सेट, नैसर्गिक लाकडी रंगाचा, चारच ड्रमचा: 22 इंची बास ड्रम, 12 इंची टॉम, 16 इंची फ्लोअर टॉम आणि 14 इंची स्नेअर. सिम्बलही मोजक्या. त्यात मधली घुंडी नसलेली फ्लॅट राइड आणि उजवीकडे चायना वळणाची एक. फ्लॅट राइडचा आवाज कोरडा असतो, ती कितीही वाजवली तरी गुंज साठून गिटारवर चढत नाही. ग्रेचच्या जाड, ओतीव रिमही महत्त्वाच्या. पत्र्याच्या रिमपेक्षा त्या कडक असतात, रिमशॉट त्यांवर नेमका आणि थोडक्यात संपणारा येतो.

असा आवाज तुमच्या सेटवर आणायचा झाला तर बाजारात नवं काही घ्यायची गरज नाही, ट्यूनिंग करा. स्नेअरवर खरखरीत लेपाचं एकपदरी हेड (ड्रमचं कातडं). खालचं हेड आधी घट्ट करा. अंगठा दाबला तर जेमतेम दबलं पाहिजे. वरचं त्याहून थोडं सैल. समोरासमोरच्या लगना (हेड ताणणाऱ्या स्क्रूंना) पाव-पाव फेरा देत जा, ओळीने गोल फिरत नको, नाहीतर हेड एका बाजूला ओढलं जातं आणि स्वर दुभंगतो. स्नेअरच्या तारा इतक्याच आवळा की हलका फटकाही कुरकुरीत लागावा. फार आवळल्या तर ड्रम गुदमरतो. वरच्या टॉमवर फटका दिला की स्नेअर आपोआप गुणगुणत असेल तर टॉम अर्धा स्वर वर किंवा खाली घ्या, तरीही राहिलं तर तारांच्या दोन्ही टोकांशेजारचे खालचे लग किंचित सैल करा. टॉमचं खालचं हेड वरच्यापेक्षा थोडं चढं. बास ड्रममध्ये उशा कोंबू नका, हेडच्या आतून दोन-तीन इंच रुंदीची फेल्टची पट्टी पुरते. टेप आणि जेल यांचा मारा शेवटचा उपाय.

रेकॉर्ड करायचं असेल तर ग्लिन जॉन्सच्या नावाने ओळखली जाणारी मांडणी अशा वाजवण्याला शोभते. जॉन्स स्टोन्सच्या अनेक रेकॉर्डिंगचा इंजिनिअर होता. एक माइक स्नेअरच्या वर साधारण मीटरभर उंचीवर, खाली बघणारा. दुसरा फ्लोअर टॉमच्या बाजूला, टॉमच्या काठापासून थोडा वर, स्नेअरकडे तोंड करून. तिसरा किकला. पहिल्या दोन्ही माइकचं स्नेअरच्या मध्यापासूनचं अंतर तंतोतंत सारखं पाहिजे. डोळ्यांनी अंदाज करू नका, सुतळीचं एक टोक स्नेअरवर धरून दोन्हीकडे मापा. पाच-सात सेंटिमीटरचा फरक पडला तरी स्नेअर पोकळ आणि बारीक होते, आणि मग माणूस तास न् तास इक्वलायझर फिरवत बसतो. या मांडणीत हाय-हॅट वेगळी कमी करता येत नाही, ती हातानेच कमी वाजवावी लागते. तिथे पुन्हा चार्लीचा उजवा हात उपयोगी पडतो.

हा हात आला कुठून, तर जॅझमधून. चार्लीचा जन्म 2 जून 1941चा, लंडनचा. लहानपणी त्याने बँजोची मान काढून टाकली आणि उरलेल्या कातडी गोलाची स्नेअर केली. शेजारी राहणारा डेव्ह ग्रीन पुढे जॅझ बासवादक झाला आणि दोघं अखेरपर्यंत एकत्र वाजवत राहिले. चार्ली हॅरोच्या कलाशाळेत शिकला, जाहिरातक्षेत्रात ग्राफिक डिझायनर होता, अ‍ॅलेक्सिस कॉर्नरच्या ब्लूज इनकॉर्पोरेटेडमध्ये वाजवायचा आणि जानेवारी 1963मध्ये स्टोन्समध्ये आला. चिको हॅमिल्टन, केनी क्लार्क, मॅक्स रोच हे जॅझ ड्रमर त्याचे आदर्श. ब्लूजचा साधा ठेका त्याला नवा होता. कीथ आणि बँडचा तेव्हाचा दुसरा गिटारिस्ट ब्रायन जोन्स यांनी त्याला ब्लूज गायक जिमी रीडच्या तबकड्या ऐकायला लावल्या. त्यांवरचा ड्रमर अर्ल फिलिप्स, तोही अंगावर न येणारा. म्हणजे कमी वाजवणं हे चार्लीला येत नव्हतं म्हणून आलेलं नाही, त्याने ते जॅझकडून ब्लूजकडे येताना शिकून घेतलं.

जॅझची खूण त्याच्या रॉकमध्ये कशी ऐकायची? हाय-हॅटच्या ‘आणि’कडे लक्ष द्या. सरळ रॉकमध्ये ‘आणि’ दोन मात्रांच्या बरोबर मध्ये पडतो. शफलमध्ये मात्रेचे तीन भाग केले तर तो तिसऱ्या भागावर जातो. चार्लीचा अनेकदा या दोहोंच्या मध्ये कुठेतरी असतो, विशेषतः चक बेरीच्या वळणाच्या गाण्यांत, जिथे गिटार सरळ आठ वाजवत असते आणि ड्रम झुलत असतात. सराव असा: 100 बीपीएमवर आधी दोन मिनिटं सरळ, मग दोन मिनिटं पूर्ण शफल, मग न थांबता शफलवरून सरळकडे हळूहळू या आणि वाटेत जिथे ठेका डोलायला लागेल तिथे थांबा. तिथे दोन मिनिटं राहणं कठीण असतं. हात आपोआप एका टोकाला घसरतो, बहुतेक वेळा शफलकडे. घसरला की मान्य करा, पुन्हा सरळवरून सुरू करा. गिटारिस्टला या वेळी काहीही बदलायला सांगू नका, दोघंही झुलायला लागले तर मधली ओढ नाहीशी होते.

जॅझ त्याने सोडलं नव्हतंच. 1986च्या सुमारास तीसएक वादकांचा ऑर्केस्ट्रा काढला, 1991पासून क्विंटेटच्या (पाच वादकांच्या) तबकड्या आल्या, पुढे दहा जणांचा टेंटेट. 2000 साली ड्रमर जिम केल्टनरबरोबरची वेगळ्याच धाटणीची तबकडी निघाली. 1967पासून दौऱ्यातल्या प्रत्येक हॉटेलातल्या पलंगाचं चित्र काढायची त्याला सवय होती, आणि बँडचे भव्य रंगमंच ठरवण्यात डिझायनर म्हणून त्याचा वाटा असायचा. 2004 साली घशाचा कर्करोग झाला, त्यातून बरा होऊन तो पुन्हा दौऱ्यांवर गेला.

त्याच्या नावावर चुकून जमा होणारी गाणीही सांगायला हवीत, नाहीतर अभ्यास भलत्याच माणसाचा होतो. ‘यू कान्ट ऑलवेज गेट व्हॉट यू वॉन्ट’ आणि ‘हॅपी’ यांत ड्रमवर जिमी मिलर आहे. ‘टम्बलिंग डाइस’च्या शेवटच्या भागातही मिलर आहे. उलट 1968च्या ‘स्ट्रीट फायटिंग मॅन’मधले ड्रम चार्लीचेच, पण सेट नेहमीचा नाही. पेटीत मावणारा, 1930च्या दशकातला सरावाचा छोटा सेट त्याने वाजवला आणि कीथच्या साध्या कॅसेट रेकॉर्डरवर, अकूस्टिक गिटारसकट, ते रेकॉर्ड झालं. आवाज रेकॉर्डरला झेपला नाही म्हणून तो तसा फाटलेला आणि मोठा लागतो.

वाजवायला घ्यायचा क्रम विचाराल तर: पहिलं ‘बीस्ट ऑफ बर्डन’. मध्यम लय, हात सैल, फिल नगण्य, हाय-हॅट उचलायचा सराव इथेच पक्का होतो. पूर्ण गाणं एकही क्रॅश (झणकारणारी मोठी झांज) न वाजवता न्या. मग ‘मिस यू’, चारही मात्रांची किक एकसारख्या जोराची राहते का बघण्यासाठी. घोटा थकला की तिसरी-चौथी किक मऊ पडते. तिथे जोर लावू नका, पेडलची स्प्रिंग थोडी सैल करून बघा. मग ‘हॉंकी टॉन्क विमेन’ गिटारिस्टला बरोबर घेऊनच, तबकडीबरोबर एकट्याने नाही. तबकडी तुमच्या मागे येत नाही, त्यामुळे एकमेकांना ओढणं तिच्यावर शिकता येत नाही. ‘स्टार्ट मी अप’ सर्वांत शेवटी.

चार्लीनंतरचं वाजवणं ऐकायचं तर सोय आहे. ऑगस्ट 2021च्या सुरुवातीलाच जाहीर झालं होतं की प्रकृतीमुळे तो त्या वर्षीच्या अमेरिकेच्या दौऱ्यावर नसेल आणि त्याच्या जागी स्टीव्ह जॉर्डन वाजवेल. जॉर्डन कीथच्या एक्स-पेन्सिव्ह वायनोज या बँडचा ड्रमर, म्हणजे कीथच्या उजव्या हाताशी जुनी ओळख असलेला. दौरा सप्टेंबरअखेर सेंट लुइसमध्ये सुरू झाला तोवर चार्ली गेलेला होता. 2023 साली आलेल्या ‘हॅकनी डायमंड्स’ या तबकडीत बहुतेक गाण्यांवर जॉर्डन आहे, पण ‘मेस इट अप’ आणि ‘लिव्ह बाय द स्वोर्ड’ या दोन गाण्यांवर 2019 साली रेकॉर्ड झालेला चार्ली आहे. दुसऱ्यात बासवर बिल वायमनही आहे. जॉर्डनचं एक गाणं आणि ‘लिव्ह बाय द स्वोर्ड’ पाठोपाठ, हेडफोनवर लावा. जॉर्डनची किक-स्नेअर गाण्याला पुढे रेटते, तो जबरदस्त ड्रमर आहे आणि चार्लीची नक्कल करत बसत नाही, हे त्याचं शहाणपण. चार्लीच्या गाण्यात लक्ष स्नेअरवर न ठेवता स्नेअरच्या क्षणी हाय-हॅट कुठे आहे, वायमनची बास स्नेअरच्या आधी येते की नंतर, आणि गिटारचा फटका या दोघांच्या कुठल्या बाजूला पडतो, हे तीन वेळा ऐकून तीन वेगवेगळ्या कागदांवर लिहून काढा. मग सरावाला बसा.